दिवे बदलले, खोली तीच राहिली

कॅलिफोर्नियात औषधी गांजाला मतपेटीतून मान्यता मिळाली नोव्हेंबर 1996 मध्ये आणि प्रौढांनी हौसेने ओढायच्या गांजाला नोव्हेंबर 2016 मध्ये. म्हणजे 2026 च्या नोव्हेंबरात पहिल्या कायद्याची तीस आणि दुसऱ्याची दहा वर्षं भरतात. त्या निमित्ताने जे हिशेब मांडले जातील त्यात तिजोरीत आलेला कर असेल, उघडलेली दुकानं असतील आणि बंद खोलीतल्या लागवडीचं वीजबिल खाली आणणाऱ्या एलईडीचं कौतुकही असेल. कौतुक रास्त आहे. पण त्या दिव्याने वाचवलेल्या विजेचं पुढे काय झालं आणि ज्यांनी पदरमोड करून तो दिवा सुधारला ती माणसं कुठे गेली, याची विचारपूस कुणी करत नाही.

गांजाचं झाड मुळात उन्हातलं. मुंबई इलाख्यात, अहमदनगर जिल्ह्यात, एकोणिसाव्या शतकात त्याची रीतसर शेती होत होती; 1893-94 च्या सरकारी आयोगाच्या अहवालात तिची नोंद आहे. दिवस लहान आणि रात्र मोठी होऊ लागली की झाड फुलोऱ्यावर येतं. ज्युलियाँ तूर्न्वा या फ्रेंच संशोधकाच्या हे 1912 च्या सुमारास ध्यानात आलं. आपल्याकडचे शेवंतीवाले रात्री शेतात बल्ब लावून कळी धरणं लांबवतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. उजेड आणि अंधार माणसाच्या हातात आला की ऋतूची वाट बघावी लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

झाड घरात गेलं त्याला मात्र शास्त्र कारणीभूत नव्हतं, पोलिस होते. 1983 पासून उत्तर कॅलिफोर्नियाच्या डोंगरांवर ‘कॅम्प’ नावाच्या सरकारी मोहिमेची हेलिकॉप्टरं घिरट्या घालू लागली. हम्बोल्ट परगण्यातल्या शेतकऱ्यांनी आधी झाडं जंगलाच्या सावलीत नेली, मग गोठ्यात, तळघरात. जिथे वीज नव्हती तिथे डिझेल जनरेटर आले. रस्त्यावरचा पिवळा सोडियम दिवा आपण सगळ्यांनी पाहिलेला. त्याचाच हजार वॉटचा भाऊबंद छताला टांगला जाऊ लागला. चोक घुमायचा, खोली भट्टीसारखी तापायची आणि ती उष्णता बाहेर काढायला पंखे नि एसी लागायचे. काही जण मीटर वगळून थेट तारेवरून वीज ओढत.

ही उष्णता सुप्रीम कोर्टापर्यंत पोचली. ओरेगन राज्यातल्या फ्लोरेन्स गावी 1992 मध्ये डॅनी कायलो यांच्या घरावर सरकारी माणसांनी रस्त्यावर उभ्या गाडीतून उष्णता टिपणारा कॅमेरा रोखला. गॅरेजचं छप्पर आणि एक भिंत शेजारच्या घरांपेक्षा गरम दिसली, त्यावर वॉरंट निघालं, आत झाडं सापडली. 2001 मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल दिला की असा कॅमेरा रोखणं ही झडतीच आहे आणि तिला आधी परवानगी हवी. अमेरिकेतल्या घराच्या खाजगीपणाचा एक महत्त्वाचा निवाडा झाला तो लागवडीच्या तापत्या दिव्यांमुळे. नव्वदच्या दशकातल्या बाकीच्या कहाण्या छापे, जप्ती आणि खटले यांच्याच. त्यात अडकून पडण्यात अर्थ नाही.

खरी गोष्ट 2009 ते 2019 या दशकात घडली. प्रस्तुत लेखकाचा मुक्काम तेव्हा उत्तर कॅलिफोर्नियात होता आणि सोडियमकडून एलईडीकडे झालेला बदल त्याने जवळून पाहिला.

रोपांना एलईडीचा उजेड देण्याची कल्पना अवकाश संशोधनातली. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस नासाच्या मदतीने तांबड्या एलईडीखाली रोपं वाढवून पाहिली होती. 1993 मध्ये जपानच्या शुजी नाकामुरा यांनी झगझगीत निळा एलईडी बनवला. तांबडा आणि निळा दोन्ही हाती आले आणि दहा-पंधरा वर्षांत त्यांच्या जोडीचे दिवे बाजारात उतरले. पहिला गाजलेला प्रकार उडत्या तबकडीच्या आकाराचा, नव्वद वॉटचा. विक्रेते बेधडक सांगत की पानातलं हरितद्रव्य फक्त तांबडा आणि निळा उजेड खातं, हिरवा वाया जातो.

हे चूक होतं आणि चूक असल्याचं केव्हाच छापून आलं होतं. टेक्सासमधल्या कीथ मॅक्री यांनी बावीस पिकांच्या पानांवर मोजमाप करून 1972 मध्येच दाखवलं होतं की पान हिरवा उजेडही चांगला वापरतं. विक्रेते जो आलेख जाहिरातीत छापत तो जिवंत पानाचा नव्हताच. पानातून काढून द्रावणात विरघळवलेल्या हरितद्रव्याचा होता. दुसरी फसवणूक वॉटची. खोक्यावर ‘एक हजार वॉट’ छापलेला दिवा भिंतीतून दोनशेसुद्धा ओढत नसे. लहान उत्पादकाने वर्षाची बचत त्यात घालावी आणि पीक निम्म्यावर यावं, असं त्या काळात सर्रास घडलं. या विक्रेत्यांना कुणी जाब विचारला नाही. झाडच तेव्हा धड कायदेशीर नव्हतं, तर दिव्याची तक्रार न्यायची कुठे?

त्या जांभळ्या खोल्या ज्यांनी पाहिल्या त्यांना त्या विसरता येणार नाहीत. आत पाऊल टाकलं की दोन मिनिटांत डोळे चुरचुरायचे आणि बाहेर आल्यावर सगळं जग हिरवट दिसायचं. आत हिरवं पान काळपट दिसे. लाल कोळी पडलाय, भुरी धरलीय की नुसतं खत कमी पडलंय, काही उमगत नसे. म्हणून कुंडी उचलून दाराबाहेर साध्या ट्यूबलाइटखाली आणायची, पान उलटं करायचं, भिंग लावून शिरांच्या कडेने बघायचं आणि कुंडी पुन्हा आत न्यायची. प्रत्येक झाडाचं हेच. ज्याची नजर झाडावर तयार झाली आहे अशा माणसाला नजरच वापरू न देणारा तो उजेड होता.

युटा स्टेट युनिव्हर्सिटीतले ब्रूस बगबी आणि त्यांचे सहकारी जेकब नेल्सन यांनी 2014 मध्ये या दिव्यांची खरी मोजणी प्रसिद्ध केली. खर्च झालेल्या एका ज्यूल विजेमागे रोपाच्या कामाचा किती मायक्रोमोल प्रकाश मिळतो, हा साधा प्रश्न त्यांनी विचारला. सर्वांत चांगला सोडियम दिवा आणि सर्वांत चांगला एलईडी दोघेही 1.7 च्या आसपास, म्हणजे बरोबरीत निघाले. आणि तेवढ्याच प्रकाशासाठी एलईडी विकत घ्यायला पाच ते दहापट महाग. इतकी वर्षं चाललेल्या जाहिरातबाजीला मिळालेलं हे पहिलं ठणठणीत उत्तर.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं या दशकातली सर्वांत सुंदर. मोठ्या कंपन्या जांभळ्यातच रमल्या असताना गॅरेजमधल्या हौशी मंडळींनी पांढऱ्या उजेडाची वाट धरली. कार्यालयं आणि गोदामांच्या दिव्यांसाठी बनणारी क्री कंपनीची रुपयाएवढी चकती घ्यायची, अॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवायची, चकतीला बेताची वीज पुरवणारा मीन वेल कंपनीचा ड्रायव्हर जोडायचा आणि स्वतःच्या हाताने डाग द्यायचा. कुणी सुतार, कुणी निवृत्त इलेक्ट्रिशियन, कुणी कर्करोगाच्या उपचारातली मळमळ थोपवण्यासाठी दोन झाडं लावणारी बाई. मोजमापं एकमेकांना फुकट दिली जात. त्यांचा तर्क बिनतोड होता: पांढरा एलईडी म्हणजे निळ्यावर चढवलेला फॉस्फरचा थर, जगभरच्या इमारतींसाठी तो कोट्यवधींनी बनतो, तेव्हा त्याची किंमत घसरणार आणि ताकद वाढणार. तसंच झालं. सॅमसंगच्या तांदळाएवढ्या चिपांनी भरलेले सपाट बोर्ड आले, मग पट्ट्या आल्या, आणि काही वर्षांतच चांगले दिवे ज्यूलमागे तीन मायक्रोमोलच्या आसपास पोचले. सोडियमचा अंमल संपला. खोलीत पान पुन्हा हिरवं दिसू लागलं.

सोडियम उतरवून एलईडी चढवणाऱ्यांना काही गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या. पानाला मिळणारी उष्ण किरणं कमी झाली, पान थंड पडलं आणि एसी जुन्याच आकड्यावर ठेवणाऱ्यांची झाडं मरगळली. खोली आधीपेक्षा उबदार ठेवावी लागली. झाडं हवेत टाकतात ती वाफ मात्र तेवढीच राहिली, त्यामुळे दमटपणा काढणाऱ्या यंत्रांना उसंत मिळाली नाही.

वाचलेली वीज वाचलेली राहिली असती तर हा लेख लिहावा लागला नसता. 2012 मध्ये इव्हन मिल्स यांनी अंदाज मांडला होता की बंद खोलीतल्या गांजावर अमेरिकेतली सुमारे एक टक्का वीज खर्च होते आणि एक किलो मालामागे सुमारे 4,600 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्याच वर्षी हम्बोल्टमधल्या आर्केटा शहराने नेमून दिलेल्या मूळ वापराच्या सहापटीहून अधिक वीज जाळणाऱ्या घरांवर 45 टक्के कर बसवला. भाड्याची घरं लागवडीने गिळली होती आणि विद्यार्थ्यांना खोल्या मिळत नव्हत्या. पुढे दिवे सुधारले. पण 2021 मध्ये कोलोरॅडोतल्या संशोधकांनी पुन्हा हिशेब केला तेव्हा कार्बनचा आकडा जागेनुसार किलोमागे 2,283 ते 5,184 किलो असा निघाला.

दिवा थंड झाल्याबरोबर लोकांनी तो झाडाच्या जवळ आणला, मांडणीवर मजले चढवले आणि उजेड वाढवत नेला. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाने 2021 मध्ये दाखवून दिलं की भर उन्हाच्या जवळ जाईपर्यंत उजेड वाढवला तरी उत्पन्न सरळ रेषेत वाढत जातं. गुंतवणूकदारांना तेवढं पुरेसं होतं. सरकारी नियमांनीही दिव्यापलीकडे पाहिलं नाही. मॅसॅच्युसेट्सने मोठ्या उत्पादकांना चौरस फुटाला 36 वॉटची मर्यादा घातली, कॅलिफोर्नियाने 2023 पासून मोठ्या बंद खोल्यांना ज्यूलमागे किमान 1.9 मायक्रोमोलची अट लावली. दिवा किती कार्यक्षम, हे विचारलं गेलं. हेलिकॉप्टर गेल्यावरही झाड खोलीत का, हे विचारलं गेलं नाही. त्यात केंद्रीय बंदी कायम असल्याने गांजा राज्याची सीमा ओलांडू शकत नाही. बर्फाळ राज्यांनाही आपला माल आपल्याच हद्दीत पिकवावा लागतो आणि कॅलिफोर्नियाचं ऊन कॅलिफोर्नियातच अडकून पडतं.

सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट 2017 च्या नोव्हेंबरात घडली. 2016 च्या कायद्यात मतदारांना आश्वासन होतं की पहिली पाच वर्षं एक एकरापेक्षा मोठ्या लागवडीला परवाना मिळणार नाही, म्हणजे लहान शेतकऱ्यांना पाय रोवायला अवधी मिळेल. विक्री सुरू व्हायला महिना-दीड महिना उरला असताना निघालेल्या तातडीच्या नियमांत, एका मालकाने लहान परवाने किती घ्यावेत यावर बंधनच ठेवलं नाही. पैसेवाल्यांनी परवान्यांची चळत लावली. त्याच्या जोडीला वजनावर सरसकट कर: भाव काहीही मिळो, फुलांच्या प्रत्येक पौंडामागे तो 2022 पर्यंत 161 डॉलरवर पोचला. त्याच सुमारास उघड्यावरच्या मालाचा घाऊक भाव हजार डॉलरवरून काही शे डॉलरवर कोसळला होता. कर रद्द झाला 1 जुलै 2022 ला. तोवर हम्बोल्टमधल्या अनेकांनी परवाने सोडले होते, जमिनी विकायला काढल्या होत्या. हेलिकॉप्टरांच्या काळात तगलेली ही माणसं होती. गॅरेजमध्ये पांढरे दिवे जुळवणारेही याच पडझडीत मागे पडले. त्यांचा धडा कोठारांत लागवड करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी उचलला, श्रेय कुणाला मिळालं नाही.

बंद खोलीतल्या लागवडीचं लोण आता आपल्या दारापर्यंत आलं आहे. थायलंडने जून 2022 मध्ये गांजाला अंमली पदार्थांच्या यादीतून काढलं आणि जिथे बारा महिने ऊन पडतं तिथेही बंद खोल्यांत दिवे लागले. 2025 च्या जूनमध्ये तिथल्या सरकारने पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली. दरम्यान मुंबई विमानतळावर बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांत हवाबंद पुड्यांमधला ‘हायड्रोपोनिक’, म्हणजे मातीविना वाढवलेला गांजा इतक्या वेळा सापडला आहे की मराठी वर्तमानपत्रांत ती बातमी नेहमीची झाली. बातम्यांत किंमत कोटींत असते आणि पकडलेला बहुधा सामान ने-आण करणारा असतो.

यावर उतारा शोधायचा तर पुन्हा कॅलिफोर्नियाकडेच पाहावं लागतं. तिथे 2020 मध्ये एक चांगला कायदा झाला. आपल्याकडे हापूसला भौगोलिक मानांकन आहे, त्याच जातीचा. मालाला असं प्रदेशाचं मानांकन लावायचं असेल तर झाड जमिनीत लावलेलं हवं, वर छप्पर नको, कृत्रिम उजेड नको. तो चार वर्षं आधी, मूळ कायद्याबरोबर यायला हवा होता. आता निदान पुढचं पाऊल तरी पडावं. टीएचसीचं, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाचं, प्रमाण पाकिटावर छापणं सक्तीचं आहेच. त्याखाली एका ग्रॅममागे किती वीज जळली तो आकडा छापायला लावावा. त्यासाठी नवा शोध नको, नवी यंत्रणा नको. परवाना असलेल्या प्रत्येक कोठाराला वीजमीटर आहे आणि तिथे वजन झालेल्या प्रत्येक ग्रॅमची नोंद सरकारदरबारी होते.