ब्रनोची एलएमजी

यवतमाळ, दारव्हा, पुसद, वणी या पट्ट्यात साठी-सत्तरी ओलांडलेल्या माजी सैनिकाला एलएमजीचे, म्हणजे लाइट मशीनगनचे, भाग विचारा. उत्तर हिंदीत येतं आणि एका दमात येतं: पिस्टन ग्रुप, बॅरल ग्रुप, बट ग्रुप, बॉडी ग्रुप, बायपॉड ग्रुप. हात शेतीच्या कामाला लागून कित्येक वर्षं झालेली असतात, तरी क्रम चुकत नाही. फौजेत या धड्याला ‘खोलना-जोडना’ म्हणतात. त्याच्या पुढचा धडा म्हणजे ‘चाल’, आणि त्याच्या पुढचा ‘रोक और फौरी इलाज’, म्हणजे बंदूक अडली तर काय करायचं. कॉलेजात एनसीसी केलेल्या मुलामुलींनाही हे शब्द ओळखीचे आहेत.

ज्या बंदुकीवर हे धडे गिरवले गेले, ती मूळची ब्रेन गन. तिची मांडणी चेकोस्लोव्हाकियात झाली, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात. आकाराने महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान असा तो देश होता. जगातल्या लढाऊ हत्यारांचा विषय निघाला की जर्मनी, रशिया, अमेरिका ही नावं आधी घेतली जातात. मला मात्र वाटतं की पायदळाच्या सेक्शनला या छोट्या देशाने जे दिलं, तितकं टिकाऊ आणि तितकं भरवशाचं फार थोड्यांनी दिलं.

ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य मोडलं आणि ऑक्टोबर १९१८ मध्ये चेकोस्लोव्हाकिया जन्माला आला. साम्राज्याच्या कारखानदारीतला मोठा वाटा त्याच्या पदरात पडला होता. पिल्झेनला श्कोडाचा तोफांचा कारखाना होता. मोरावियातलं ब्रनो तर लोकरीच्या गिरण्यांमुळे नावाजलेलं शहर, आणि तिथेच नव्या सरकारने शस्त्रांचा कारखाना उभा केला. त्याचं नाव झ्ब्रोयोव्हका ब्रनो. सीमा लांबलचक, शेजारी मोठे, लोकसंख्या दीड कोटीच्या आत. अशा देशाला माणसांच्या संख्येवर लढता येणार नव्हतं. एका सैनिकाला उचलता येईल आणि दहा सैनिकांचं काम करील अशी मशीनगन त्याला हवी होती.

ती घडवली वात्स्लाव होलेक या कारागिराने. १८८६ चा जन्म, बंदुका घडवण्याची उमेदवारी करून वर आलेला माणूस. प्रागमधल्या एका कारखान्यात त्याने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला पहिले नमुने केले. सुरुवातीचा नमुना काडतुसांच्या पट्ट्यावर चालायचा. पुढे पट्टा गेला आणि वरून बसणारं मॅगझीन आलं. प्रागच्या कारखान्याची आर्थिक ओढाताण सुरू झाली, तेव्हा उत्पादनाचे हक्क ब्रनोकडे गेले. १९२६ साली चेकोस्लोव्हाक सैन्याने ही बंदूक स्वीकारली, म्हणून तिचं नाव झेडबी २६. ७.९२ मिलिमीटरचं माउझर काडतूस, वीस गोळ्यांचं मॅगझीन, वजन नऊ-साडेनऊ किलो. चीनने ती हजारोंनी मागवली आणि स्वतःच्या शस्त्रशाळांतही बनवली. इराण, युगोस्लाव्हिया, रुमानिया ही आणखी गिऱ्हाइकं.

तिची चाल समजून घेण्यासारखी आहे, कारण सगळं मर्म तिथेच आहे. गोळी सुटली की तिच्यामागचा वायू नळीतून पुढे धावतो. त्यातला थोडासा वायू नळीच्या खालच्या बाजूच्या एका भोकातून काढून पिस्टनवर घेतला जातो. पिस्टन मागे सरकतो आणि त्याच्यावर बसलेल्या बोल्टचं शेपूट खाली येतं, तेवढ्याने बोल्ट मोकळा होतो. तो मागे जाताना रिकामी पुंगळी ओढून खाली टाकतो आणि दस्त्यातली स्प्रिंग दाबत जातो. स्प्रिंग परत ढकलते. पुढे येताना बोल्ट मॅगझीनमधलं नवं काडतूस नळीत सरकवतो, आणि अगदी शेवटी त्याचं शेपूट वर उचललं जाऊन बंदुकीच्या अंगातल्या खाचेत बसतं. आता नळी मागून बंद. त्याच्या पुढची इंचभर धाव पिस्टन एकटा धावतो आणि फायरिंग पिनवर ठोका देतो. म्हणजे बोल्ट पक्का अडकल्याशिवाय गोळी सुटूच शकत नाही. ही खबरदारी होलेकने वेगळा भाग जोडून घेतलेली नाही, ती चालीतच आहे.

मॅगझीन वर असल्यामुळे सरळ मधून नेम धरता येत नाही. म्हणून माशी आणि मागचा साइट दोन्ही डाव्या अंगाला सरकवलेले आहेत. डाव्या खांद्यावरून चालवणाऱ्याची त्यामुळे अडचणच होते. पण वरच्या मॅगझीनचा फायदा मोठा: जमिनीला चिकटून पडलेल्या माणसालाही शेजारचा जोडीदार हात लांबवून मॅगझीन बदलून देतो, आणि बंदूक जमिनीपासून उचलावी लागत नाही. ही दोघांची बंदूक आहे. नंबर एक चालवतो. नंबर दोन मॅगझीन बदलतो आणि नळी बदलतो. सलग मारा करताना दहाएक मॅगझीन झाली की नळी इतकी तापते की बदलावीच लागते. त्यासाठी डाव्या बाजूचा खटका वर उचलायचा, नळीवरच्या लाकडी मुठीने ती पुढे ओढून काढायची, दुसरी बसवायची, खटका खाली. हात मुरलेला असेल तर काही सेकंदांचं काम. तापलेल्या लोखंडाला बोटही लागत नाही, कारण मूठ नळीवरच आहे. एरवी हीच मूठ बंदूक वाहून न्यायला कामाला येते. एका भागाकडून दोन कामं घ्यायची, ही होलेकची पद्धत सगळ्या बंदुकीभर दिसते.

१९३० च्या सुमाराला ब्रिटिश सैन्य जुन्या लुईस गनला पर्याय शोधत होतं. स्पर्धेत व्हिकर्स-बर्थिए ही दुसरी दमदार बंदूक होती. हिंदुस्थानच्या सैन्याने १९३३ मध्ये हीच निवडली आणि बंगालमधल्या इशापूरला ती बनू लागली. ब्रिटनने मात्र चाचण्या लांबवल्या आणि शेवटी कौल ब्रनोच्या बाजूने दिला. अडचण काडतुसाची होती. ब्रिटिशांच्या थ्री-नॉट-थ्री काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते, त्यामुळे अशी काडतुसं एकावर एक रचली की चळत वाकडी होते. म्हणून मॅगझीन वाकडं केलं, तीस गोळ्यांचं. काडतुसात भरलेल्या कॉर्डाइट या दारूने वायूच्या वाटेत काजळी फार धरायची, म्हणून वायू घेण्याचं भोक नळीच्या टोकाकडून मागे आणलं. ब्रनोच्या कारागिरांनी हे बदल नमुन्यामागून नमुना करत पुरे केले. १९३५ मध्ये करार झाला, १९३७ मध्ये लंडनजवळच्या एनफील्डच्या कारखान्यातून पहिल्या बंदुका बाहेर पडल्या. ब्रनो आणि एनफील्ड यांची आद्याक्षरं घेऊन नाव पडलं ब्रेन.

पुढचं वर्ष म्युनिक कराराचं. सप्टेंबर १९३८ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने चेकोस्लोव्हाकियाचा डोंगराळ सीमाभाग हिटलरला देऊन टाकला. ज्या तटबंदीत बसून लढायचं, ती तटबंदीच गेली. १५ मार्च १९३९ ला जर्मन फौजा उरलेल्या देशात शिरल्या आणि ब्रनोचा कारखाना, तयार बंदुकांच्या साठ्यासकट, त्यांच्या ताब्यात गेला. ज्या देशाने आपल्या रक्षणासाठी ही बंदूक घडवली, त्याच्या सैन्याला तिच्या जोरावर सीमा राखायची संधीच मिळाली नाही. हे वाचताना मला आजही वाईट वाटतं. जर्मनांनी झेडबी २६ ला स्वतःचा क्रमांक देऊन वापरात घेतलं. त्यामुळे पुढे महायुद्धात होलेकची बंदूक दोन्ही बाजूंना होती. इंग्लंडमध्ये मात्र आराखडे वेळेत पोचलेले होते, कामगार शिकून तयार झालेले होते. पुढे कॅनडात टोरांटोला आणि ऑस्ट्रेलियात लिथगोलाही ती बनू लागली.

युद्ध पेटलं तशी हिंदुस्थानी पलटणींतली व्हिकर्स-बर्थिए मागे पडत गेली आणि ब्रेन आली. पायदळाच्या सेक्शनची मांडणीच तिच्याभोवती झाली. दहा जणांच्या सेक्शनमध्ये तिघे ब्रेनचे, आणि उरलेल्या रायफलवाल्यांच्याही कमरेच्या पाऊचमध्ये ब्रेनची मॅगझीन. त्या काळचे कापडी पाऊच मुळात या मॅगझीनच्या मापाने शिवलेले होते. सेक्शन सरकायचं ते ब्रेनच्या आडोशाने: एक गट पडून मारा करतो, दुसरा धावतो. मॅगझीनमध्ये तीस गोळ्या बसत असल्या तरी जाणते सैनिक अठ्ठावीसच भरायचे, म्हणजे स्प्रिंगवर ताण येत नाही. आणि भरताना प्रत्येक काडतुसाची कडा खालच्याच्या पुढे ठेवायची. एक जरी उलटी बसली तरी ऐन वेळी बंदूक अडणार. त्या अडण्यावर पहिला इलाज ठरलेला: कॉकिंग हँडल मागे, मॅगझीन बदल, पुन्हा मारा. तरी थांबली तर वायूचा रेग्युलेटर मोठ्या भोकावर फिरवायचा. चार भोकं आहेत. काजळी धरली की वायू जास्त द्यायचा.

अशाच सेक्शनचा नाईक होता यशवंत घाडगे, रायगडातल्या माणगाव तालुक्यातला, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचा. १० जुलै १९४४ रोजी इटलीत तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात अगदी जवळून झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्याचं सेक्शन पडलं. कोणी ठार, कोणी जखमी, उभा राहिला एकटा नाईक. तो त्या मशीनगनच्या मोर्च्यावर धावून गेला. आधी बॉम्ब टाकला, मग टॉमीगन चालवली, आणि मॅगझीन बदलायला उसंत नव्हती तेव्हा बंदूक उलटी धरून दस्त्याने लढला. मोर्चा पडला, तोही पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या या माणसाचं नाव आपण घेतो. त्याच्या सेक्शनमधल्या बाकीच्यांची, ब्रेनवरच्या जोडीचीही, नावं सहसा कुणाच्या तोंडी येत नाहीत. ती यायला हवीत.

वऱ्हाडच्या मुलांना मात्र फौजेची वाट मराठा पलटणींच्या बेळगावपेक्षा कामठीची जवळची. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. डॉ. आंबेडकरांनी महारांच्या भरतीसाठी सातत्याने केलेल्या मागणीचं ते फळ होतं. दुसरी पलटण नागपूरच्या पलीकडे कामठीला उभारली गेली. १९४६ मध्ये ही मशीनगन रेजिमेंट झाली आणि तिच्या चिन्हावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन मशीनगन आल्या. त्या व्हिकर्सच्या, ब्रेनपेक्षा जड आणि तिकाटण्यावर बसणाऱ्या.

स्वातंत्र्यानंतर ब्रेनची परीक्षा लगेच झाली. ३ नोव्हेंबर १९४७ ला श्रीनगरजवळ बडगाम इथे मेजर सोमनाथ शर्मा यांची कुमाऊँ रेजिमेंटची कंपनी कितीतरी पट हल्लेखोरांना तोंड देत होती. शर्मांचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. एलएमजीवरची माणसं कमी पडू लागली तेव्हा ते स्वतः मॅगझीन भरून त्यांच्याकडे देऊ लागले, आणि त्याच कामात असताना तोफगोळ्याने ते गेले. देशाचं पहिलं परमवीर चक्र त्यांचं. मॅगझीन भरायला एरवी दोन्ही हात लागतात. एका हाताने ते भरणं काय असेल, हे ज्याने कधी स्प्रिंग अंगठ्याने दाबली आहे त्यालाच कळेल.

या बंदुकीचं खाद्य महाराष्ट्रात बनत आलं आहे. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. पुढे सैन्याने थ्री-नॉट-थ्री सोडून ७.६२ मिलिमीटरचं बिनकडेचं काडतूस घेतलं, आणि जळगाव जिल्ह्यात वरणगावला १९६० च्या दशकात लहान शस्त्रांच्या काडतुसांचा कारखाना आला. बंदूकही बदलली, पण फार नाही. नवी नळी, नवा बोल्ट, आणि कडा नसल्यामुळे जवळजवळ सरळ झालेलं मॅगझीन. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीने ही ७.६२ ची आवृत्ती बनवली. सैनिक तिला ब्रेन न म्हणता एलएमजी म्हणू लागले. होलेकची चाल मात्र तीच राहिली: बोल्टचं शेपूट वर, खाचेत, मग ठोका. १९६५ आणि १९७१ च्या लढायांत सेक्शनच्या हातात होलेकच्याच चालीची बंदूक होती.

माझ्या मते या बंदुकीचं खरं मोठेपण अचूकतेत आहे, आणि तिचा दोषही काही जण तिथेच काढत. मशीनगनचा मारा थोडा पसरावा अशी अपेक्षा असते. ब्रेनच्या गोळ्या एकाच ठिकाणी जाऊन बसतात. मिनिटाला पाचशेच्या आसपास हा वेगही जर्मन मशीनगनपेक्षा बराच कमी. पण खांद्यावर गोळ्यांचं ओझं वाहत डोंगर चढणाऱ्या सैनिकाला प्रत्येक गोळीचा हिशोब लागतो. चापावरचं बोट सैल करून दोन-तीन गोळ्यांचे झटके मारायचे, ही शिस्त ब्रेनने लावली.

१९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ५.५६ मिलिमीटरची इन्सास एलएमजी येऊ लागली आणि जुनी हळूहळू राखीव दलांकडे, पोलिसांकडे, प्रशिक्षणाच्या कोठारात गेली. इन्सासबद्दल पुढच्या पलटणींचं समाधान झालं नाही. मार्च २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने इस्रायलकडून १६,४७९ नेगेव्ह एलएमजी घेण्याचा सुमारे ८८० कोटींचा करार केला. म्हणजे पुन्हा एका छोट्या देशाची बंदूक, आणि तिचं काडतूस पुन्हा तेच, कानपूरच्या एलएमजीतलं ७.६२.