कारभाराचे नियंत्रण, लेखांक ७ : पाव आण्याची दलाली आणि जॉबरची दस्तुरी

गेल्या लेखांकात आपण कचेरीतील हजेरीच्या मस्टराचा विचार केला. ते मस्टर साहेबांच्या टेबलावर जाण्यापूर्वी सही पडावी म्हणून फोर्टाच्या ट्रामीमागे धोतर सावरीत धावणारा कारकून गिरगावच्या वाडीवाडीतून निघत असे, आणि त्याच्या त्या धावण्यातच नियंत्रणाचे अर्धे शास्त्र सामावलेले होते. आज वाडी सोडून ताडदेवच्या बाजूस वळावयाचे आहे. तेथे १८५६ साली कावसजी दावरांची कापडगिरणी चालू झाली, आणि तेथून पुढे परळ-लालबागपर्यंत जे गिरणगाव वसले, ते नावात आमच्या गिरगावाहून एका ‘ण’पुरतेच वेगळे असले तरी तेथील मस्टर निराळे होते, ते कागदावर नव्हते, एका माणसाच्या मर्जीत होते.

परंतु त्या माणसाकडे जाण्यापूर्वी वरच्या मजल्यावर नजर टाकली पाहिजे. गिरणीचा कारभार पाहणाऱ्या मॅनेजिंग एजंटांचा मेहनताना प्रारंभीच्या काळात पुष्कळ ठिकाणी नफ्यावर नसून उत्पादनावर असे. दर रत्तल सुतामागे पाव आणा हा त्याचा परिचित दर. भागीदारांना वाटले असेल की यायोगे एजंट झटून काम करील, आणि तो झटलाही. मात्र चीनच्या बाजारात सुताला उठाव असो वा नसो, चाती फिरत राहण्यात त्याचे हित असल्यामुळे, चार दिवस गिरणी बंद ठेवणे शहाणपणाचे असतानाही तो निर्णय त्याच्या हातून सहजासहजी होईना. नियंत्रणासाठी जे माप नेमावे त्याच मापाकडे माणसाची बुद्धी वळते, याचे याहून उघड उदाहरण मला ठाऊक नाही.

एजंटाची ही निकड मॅनेजरवर आणि मॅनेजरची जॉबरवर येई. भोंगा होताच प्रत्येक साच्यावर माणूस उभा दिसला पाहिजे, मग तो कोण, कोठला, काल होता की नव्हता, याची चौकशी मॅनेजरने करण्याचे कारण नव्हते, आणि बहुधा कामगारांची भाषाही त्याला येत नसल्यामुळे ती करता येण्याजोगीही नव्हती. माणूस आणणे, कामास लावणे, रजा देणे, काढून टाकणे हे सारे अधिकार जॉबरच्या, आणि बायकांच्या खात्यांत नायकिणीच्या, हाती गेले. जॉबर आपल्या गावची, आपल्या नात्यागोत्याची माणसे आणी. अडीअडचणीला कर्ज देई, खोली मिळवून देई. आणि या सर्वांच्या मोबदल्यात दस्तुरी घेई. त्याला निव्वळ खलपुरुष ठरविणे मला अन्यायाचे वाटते, कारण कोकणातून किंवा घाटावरून नुकत्याच उतरलेल्या माणसाला या अफाट शहरात दुसरा आधार तरी कोणता होता? दोष रचनेत होता. जुना माणूस टिकला तर भरतीची दस्तुरी एकदाच मिळे. तो गेला आणि नवा आला की ती पुन्हा मिळे. कामगार गावी जातो, वारंवार खाडे करतो, त्याला शिस्त नाही, अशी तक्रार मालकवर्ग वर्षानुवर्षे करीत राहिला. परंतु माणसे बदलत राहण्यातच ज्याची मिळकत, त्याच्याच हाती दारावरची किल्ली आपण दिली आहे, हे त्या तक्रारीत कधी येत नसे. जॉबर जेवढे सांगेल तेवढेच मॅनेजरला कळे.

दंडाचीही तीच कथा. बिघडलेले कापड विणकराच्या गळ्यात घालून त्याची किंमत पगारातून कापून घेण्याची चाल होती. १९३६ च्या वेतन-कायद्याने दंडाला रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा घातली. याउलट नागपुरास जमशेटजी टाटांच्या एम्प्रेस मिलने १८८६ मध्येच पेन्शन फंड काढला होता. माणूस टिकावा असे वाटणाऱ्याला धाकाखेरीज दुसरीही युक्ती सुचू शकते, एवढे त्यावरून दिसते.

१९३१ साली शाही मजूर कमिशनने जॉबरच्या हातून नोकरभरतीचा अधिकार काढून घेऊन कामगार-अधिकारी नेमावेत अशी शिफारस केली, आणि १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदलीच्या, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी तात्पुरत्या लावावयाच्या कामगाराच्या, नियंत्रणाची योजना आणली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस निवडक उमेदवारांना बदली कार्डे द्यावयाची, त्यांनी रोज सकाळी गिरणीवर हजर व्हावयाचे, आणि रिकाम्या जागा प्रथम त्यांच्यातूनच भरावयाच्या, अशी ती तजवीज होती. हे पूर्वीपेक्षा निश्चित बरे होते. मर्जीच्या जागी कागद आला, गिरणीला आपल्या माणसांची नोंद मिळू लागली. तरीही कोणाला कोणत्या साच्यावर उभे करावे हे खात्यात जॉबरच पाहत होता, त्यामुळे त्याचा वचक कार्डाने एकदम ओसरला नाही. शिवाय मालकाला कामासाठी दारावर जमणाऱ्या सकाळच्या गर्दीची सोय हवीच होती. योजनेने ती गर्दी मोडली नाही, तिची यादी केली.

कार्डवाला बदली आता नियमाने पहाटे उठे, दारावर हजेरी देई, आणि जागा न निघाल्यास ऊन चढण्याच्या आत बिनपगारी परत फिरे. हजेरीची अट त्याला होती, कामाची हमी मात्र कोणाचीच नव्हती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप पुकारला गेला तेव्हा पगारवाढीच्या बरोबरीने बदली कामगारांना कायम करा, हीही मागणी होती.