‘असाता’ : कोणी, कोणाविषयी म्हणावे?

उपाश्रयात महाराजसाहेबांना वंदन केल्यावर आपल्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो ‘सुखसाता आहे ना?’ हा. ‘सात’ म्हणजे सुख. गुजराती घरांत त्याचेच ‘शाता’ झाले. त्याच्या उलट ती असाता. ज्वर, संधिवात, पक्षाघात ही रोगांची नावे वेगवेगळी. आपल्या वडीलधाऱ्यांनी मात्र त्या सर्वांना एकाच शब्दात बसविले : ‘असातेचा उदय’.

आठ कर्मांपैकी तिसरे ते वेदनीय. व्यवहारातील मराठीत वेदना म्हणजे केवळ दुखणे. शास्त्रात मात्र सुखाचा अनुभव हीही वेदनाच. म्हणून वेदनीयाचे साता व असाता असे दोन भेद, आणि त्याला उपमा मध लावलेल्या तलवारीची.

आता ‘उदया’विषयी. आपल्या व्यापारी भाषेत सांगायचे तर उदय म्हणजे हुंडीची मुदत भरणे. बंध पडताच फळ मिळत नाही. मधल्या काळास अबाधाकाल म्हणतात. मुदतीपूर्वी फेड करून घेणे ती उदीरणा. आणि फार महत्त्वाचे म्हणजे संक्रमण : शुभ परिणामांनी असातेचे सातेत रूपांतर होऊ शकते. काही कर्म निकाचित, न बदलणारे असते हे खरे. परंतु समोरच्या रुग्णाचे कर्म निकाचित आहे, हे केवलज्ञानीवाचून कोण सांगणार?

हे लिहिण्याचे कारण घरचेच आहे. माझ्या थोरल्या बंधूंना पक्षाघात झाला तेव्हा भेटीस आलेले एक नातलग म्हणाले, ‘‘असातेचा उदय आहे, भोगूनच संपणार.’’ हेतू धीर देण्याचा होता. दादांनी त्याचा अर्थ वेगळा घेतला आणि तीन आठवडे व्यायाम करून घेणाऱ्यास दारातूनच परत पाठविले. हाताच्या हालचालीसाठी तेच दिवस मोलाचे होते. मीही तेव्हा गप्प राहिलो, याची खंत आहे.

रुग्णाने स्वतः ‘माझा असातेचा उदय’ म्हटले तर ती समता. रोग हा बावीस परीषहांपैकी सोळावा. दुसऱ्याने रुग्णास तेच ऐकविले तर तो निवाडा होतो. तत्त्वार्थसूत्र असातेची कारणे सांगताना दुःख, शोक, आक्रंदन ही स्वतःत किंवा इतरांत उत्पन्न करणे असे सांगते. अनुकंपा व दान यांनी साता बांधली जाते. औषधदान हे चार दानांपैकी एक, तर वैयावृत्य हे आभ्यंतर तप. भगवतीसूत्रात तर प्रभू महावीर रुग्ण असता सिंह अणगार त्यांच्याच आज्ञेने रेवती श्राविकेकडून औषध आणतात, आणि प्रभू ते ग्रहण करतात. उपचार नाकारण्यास आधार शोधणाऱ्यांनी हा प्रसंग अवश्य वाचावा.

दादांचा व्यायाम पुढे सुरू झाला. उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. परवा मी गेलो तेव्हा मी काही विचारण्याआधी त्यांनीच अडखळत विचारले, ‘‘साता आहे ना रे?’’