महासाथ आणि कर्करोग उपचारांचे मोडलेले वेळापत्रक

कर्करोगाचा उपचार वेळापत्रकाने बांधलेला असतो. केमोथेरपीच्या अनेक पद्धतींत दोन किंवा तीन आठवड्यांनी औषध दिले जाते, तर तोंडाच्या कर्करोगावरील किरणोपचार, म्हणजे किरणांच्या माऱ्याने रोगपेशी नष्ट करण्याची पद्धत, आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सहा ते सात आठवडे चालते. मध्ये खंड पडल्यास उरलेल्या रोगपेशींना पुन्हा वाढण्यास अवसर मिळतो. म्हणूनच २०२० मधील कोविड महासाथीचा घाव विषाणूची बाधा न झालेल्या कर्करुग्णांवरही पडला.

हातकणंगले तालुक्यातील पेठ वडगावसारख्या गावाच्या दृष्टीने या घावाचा पहिला भाग प्रवासाचा होता. येथील रुग्णाला किरणोपचारासाठी कोल्हापूर, मिरज किंवा थेट परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय गाठावे लागते. परंतु २२ मार्च २०२० पासून प्रवासी रेल्वे थांबल्या, २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली आणि पुढे कित्येक महिने जिल्ह्याबाहेर जाण्यासाठी ई-पास लागू लागला. जुलै २०२१ मध्ये साथ ओसरली नसतानाच पंचगंगेला महापूर आला आणि शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेल्याने वडगावचा कोल्हापूरकडे जाणारा मुख्य रस्ताही बंद झाला.

दुसरा भाग रुग्णालयांच्या आतील होता. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटून प्रतिकारशक्ती क्षीण होते, त्यामुळे संसर्गाच्या भीतीने उपचार पुढे ढकलले गेले. खाटा आणि परिचारिका कोविड कक्षांकडे वळल्या. तोंड उघडून तपासणी करणे धोक्याचे ठरल्याने तंबाखूमुळे होणाऱ्या मुखकर्करोगाचे निदानही लांबले. देशातील ४१ कर्करोग केंद्रांच्या पाहणीत, मार्च ते मे २०२० या काळात नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षीच्या याच तिमाहीतील १,१२,२७० वरून ५१,७६० वर आली आणि मोठ्या शस्त्रक्रिया १७,१२० वरून ८,६७७ इतक्या घटल्या. किरणोपचारातील घट मात्र २३ टक्क्यांवर राहिली. महानगरांतील केंद्रांत घट अधिक होती, आणि दुरून येणाऱ्या रुग्णांची भिस्त याच केंद्रांवर असते. नोंदणी घटली म्हणून रोग घटला असे मुळीच नव्हे. तो निदानाविना घरोघरी वाढत राहिला. शस्त्रक्रियेस चार आठवड्यांचा विलंब झाल्यास मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो, असा निष्कर्ष २०२० मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक विश्लेषणाने काढला आहे.

तरीही उपचार बंद पडणे अटळ नव्हते. टाटा मेमोरियलमध्ये २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात ४९४ नियोजित शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यानंतर एकही रुग्ण दगावला नाही. स्तनाच्या कर्करोगात निवडक रुग्णांना तीन आठवड्यांऐवजी एकाच आठवड्यात, पाच सत्रांत किरणोपचार देता येतो, हेही त्याच एप्रिलमध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश संशोधनाने दाखवले.

या अनुभवाचा अर्थ स्पष्ट आहे. पुढील साथीत कर्करोगाची सेवा प्रसूतीइतकीच अनिवार्य मानली गेली पाहिजे. केमोथेरपीची सोपी सत्रे, रक्ततपासणी आणि वेदनाशमनाची औषधे तज्ज्ञांच्या दूरध्वनी सल्ल्याने तालुक्याच्या ठिकाणी मिळाली पाहिजेत, आणि किरणोपचाराच्या रुग्णास केंद्राजवळ राहण्याची सोय हवी. ही व्यवस्था साथ नसताना उभी केली, तरच साथीत ती टिकेल. कारण टाळेबंदीत वाहने थांबवता येतात, शरीरातील गाठीची वाढ थांबवता येत नाही.