दुरुस्त हृदयातील गळती झडप

जन्मतः हृदयात चार दोष एकत्र असणाऱ्या विकाराचे सविस्तर वर्णन फ्रेंच वैद्य आर्तूर फालो यांनी १८८८ साली केले. या विकारात फुप्फुसांकडे जाणारा रक्तमार्ग अरुंद असतो आणि हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील, म्हणजे जवनिकांमधील, पडद्यास छिद्र असते. अशुद्ध रक्त शुद्ध रक्तात मिसळून बालक निळसर दिसते. १९५४ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथे वॉल्टन लिलहाय यांनी हृदय उघडून हे दोष प्रथमच दुरुस्त केले.

परंतु अरुंद मार्ग रुंद करताना तेथील झडप पुष्कळदा छेदावी लागते व पुढे ती नीट मिटत नाही. प्रत्येक ठोक्यानंतर काही रक्त उजव्या जवनिकेत परत येते. हा जादा भार ती वर्षानुवर्षे सोसते. मात्र हळूहळू ताणली जाऊन फुगते. दम लागणे, धडधडणे ही लक्षणे फार उशिरा प्रकट होतात. तोवर हृदयाचा स्नायू कायमचा दुर्बळ झालेला असू शकतो.

वेळीच निदान झाल्यास नवी झडप बसविता येते. छाती न उघडता, शिरेतून नळी सरकवून ती बसविण्याची रीत २००० साली फिलिप बोनहोफर यांनी यशस्वी केली. म्हणून बालपणी शस्त्रक्रिया झालेल्यांनी, प्रकृती उत्तम वाटत असली तरी, हृदयाची नियमित तपासणी जन्मभर चालू ठेवावी.