निवृत्तीचं घर (भाग ८) : मे महिन्यात कुलूप लावता येईल असं अंगण

निवृत्त झालो त्या पावसाळ्यात मी अमरावतीच्या घरापुढे दहा बाय दहा फुटांची हिरवळ लावून घेतली. ग्रॅच्युइटी हातात होती आणि सिनेमातली बागेत चहा पिणारी म्हातारी जोडपी डोक्यात. दिवाळीपर्यंत ती अशी देखणी झाली की येणारा-जाणारा फाटकाशी थबकायचा. मार्चात तिला रोज पाणी लागू लागलं, एप्रिलात दिवसातून दोनदा. दर्यापूरकडून दूध घेऊन येणारे काका एकदा नळी धरलेला मला बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "काऊन भाऊ, जे ढोरंबी खात नाई त्या गवताले एवढं पानी?" मेमध्ये आम्ही नातवंडांकडे पुण्याला गेलो. तीन आठवड्यांनी परतलो तेव्हा हिरवळीचा रंग सोयाबीनच्या कुटारासारखा झाला होता.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर मी नंतर कागदावर मांडलं. एका चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाणी म्हणजे एक लिटर. वऱ्हाडातल्या मे महिन्यात हिरवळीतून दिवसाला सात-आठ मिलीमीटर पाणी तरी सहज उडून जातं. दहा बाय दहा म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर. म्हणजे रोजचे ६५ ते ७५ लिटर फक्त तिला जिवंत ठेवायला. अमरावतीला पाणी येतं सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून, अकोल्याला महानच्या काटेपूर्णातून, आणि दोन्ही शहरांत नळाचं वेळापत्रक आपण सगळे जाणतोच.

म्हणून 'कमी देखभालीची बाग' हा शब्द आपल्याकडे वेगळ्या मापाने मोजायला हवा. परदेशी पुस्तकांत देखभाल म्हणजे गवत कापणं, तण काढणं, छाटणी. इथे देखभाल म्हणजे पाणी, आणि तेही मार्च ते जून. बाग जुलैत चांगली दिसेल का, हे विचारूच नका. जुलैत वऱ्हाडातला उकिरडाही हिरवा असतो. विचारायचं ते हे : मेच्या मध्यावर तीन आठवडे कुलूप लावून गेलो, शेजाऱ्याने आठवड्यातून दोनदाच डोकावलं, तर काय उरेल?

या परीक्षेत सगळ्यात आधी नापास होतात त्या लहान कुंड्या. कठड्यावर मांडलेल्या चाळीस कुंड्या म्हणजे चाळीस तान्ही बाळं. त्यातल्या तीसेक वाटून टाका आणि उरलेल्या झाडांना दीड-दोन फुटी मोठ्या कुंड्या द्या. माती जास्त, तर ओल जास्त वेळ टिकते. जी झाडं जमिनीत जाऊ शकतात ती जमिनीतच जाऊ द्या.

दुसरा सल्ला थोडा उलटा वाटेल. झाडं निवडायच्या आधी सावली निवडा. अंजनगाव सुर्जीकडचे पानमळे ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे सांगावं लागणार नाही. पानवेल आणि पानपिंपळी इतकी नाजूक, तरी ती वऱ्हाडाच्या उन्हाळ्यात जगते. कारण मळेकरी आधी शेवरी, पांगारा, शेवगा उभा करतो, भोवती वारा अडवणारा आडोसा करतो, आणि मग वेल लावतो. घरच्या अंगणाला हाच क्रम लागू आहे.

सावली कुठे हवी? अकोला आणि अमरावती साधारण २१ अक्षांशाच्या आसपास आहेत, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. मेच्या शेवटच्या आठवड्यात इथे सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो आणि सगळ्या जूनभर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. तेव्हा 'दक्षिणेकडून ऊन अडवा' हा छापील सल्ला उन्हाळ्यात इथे कामाचा नाही. आपला शत्रू पश्चिमेला बसतो, दुपारी तीन ते साडेसहा. घराच्या पश्चिमेला जागा असेल तर भिंतीपासून पंधरा फूट सोडून कडुनिंब लावा. शिशिरात तो पानं झाडतो, त्याची कुरकूर बायकोकडून ऐकावी लागते (आमच्याकडे झाडू माझ्याकडे आल्यापासून ती थांबली आहे). जागा कमी असेल तर बांबूचा किंवा लोखंडी मांडव, त्यावर मधुमालती. वेल चढेपर्यंतची दोन वर्षं हिरवी जाळी बांधायची आणि पावसाळ्यात काढून ठेवायची. जुन्या घरांत तुराट्यांचा कुड हेच काम करत असे, आणि खेड्यातला कोणी ओळखीचा असेल तर आजही तो सगळ्यात स्वस्त पडदा आहे.

आता बसायची जागा. इथे काळ्या मातीशी गाठ आहे. आपली कसदार काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल अशा भेगा पाडते. तिच्यावर थेट सिमेंटात बसवलेली टाइल दोन-तीन पावसाळ्यांत उचलते, आणि उचललेली अर्ध्या इंचाची कड साठीनंतर पाय अडकायला पुरेशी आहे. ओटा करायचा तर दीड फूट काळी माती काढून टाका, मुरूम थराथराने भरा, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस. वर गिट्टीची चुरी पसरून शहाबादी फरशी नुसती ठेवा, सांध्यांतही चुरीच. एखादी फरशी हललीच तर मजूर तासाभरात उचलून बसवतो. सिमेंटवाली फोडावी लागते. चकचकीत पॉलिश नको. उतार घरापासून दूर, सहा फुटांना साधारण एक इंच. फाटकापासून दारापर्यंतची वाट तीन फूट रुंद ठेवा. आज गरज नसेल, पण वॉकर धरून चालायला तेवढी लागतेच. पायरीच्या जागी उतार करणार असाल तर एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी. त्याहून उभा उतार पायरीपेक्षा वाईट.

गुडघे वाकत नसतील तर दीड-दोन फूट उंच विटांचे वाफे बांधावेत. भिंतीला लागून असेल तर रुंदी दोन फुटांच्या वर नको, हात पोचत नाही. कडेवर फरशी टाकली की तीच बैठक. पण हे वाफे पूर्वेला बांधा. पश्चिमेच्या उन्हात विटा भट्टीसारख्या तापतात आणि मुळं शिजतात. आत निव्वळ काळी माती भरू नये, ती पावसात चिखल आणि मेमध्ये दगड होते. काळी माती, जाड रेती आणि कुजलेलं शेणखत समसमान घ्या. गोडलिंब, गवती चहा, पुदिना, हिवाळ्यात सांबार. वाफ्यात मध्यभागी एक साधा, न रंगवलेला माठ गळ्यापर्यंत पुरून ठेवा आणि तोंडावर झाकण. भरलेला माठ तीन-चार दिवस झिरपत राहतो. शेजाऱ्याचं काम तेवढंच : आठवड्यातून दोनदा माठ भरणं.

पाणी कोणतं, हाही प्रश्न आहेच. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरला आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूरकडच्यांना विहिरीच्या पाण्याची चव सांगायला नको. अशा पाण्याने पानांच्या कडा तपकिरी होतात. माणसाला वाटतं झाड तहानलंय, तो आणखी तेच पाणी घालतो, आणि मीठ साचत जातं. कण्हेर, बोगनवेल, बोर, आवळा हे बऱ्यापैकी सोसतात. लिंबू मुळीच सोसत नाही. त्याला नळाचं किंवा पावसाचं पाणीच द्या, आणि कलम घेताना 'चक्रधर' हा बिनकाट्याचा लिंबू मिळतो का ते विचारा. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्याने लिंबाच्या काट्यांशी झटू नये. कण्हेर मात्र, विशेषतः पिवळी, विषारी आहे. घरात रांगणारं नातवंड येत असेल तर ती लावू नका.

कूलरचं पाणीही याच हिशेबात येतं. पाणी उडून जातं, क्षार टाकीत राहतात. उन्हाळाभर भर घालत राहिलो की तळातलं पाणी मूळच्याहून कितीतरी खारं होतं. ते कुंडीत ओतण्यापेक्षा संध्याकाळी वाटेवर सडा घाला. टाकी मात्र दर आठवड्याला कोरडी करा, डेंग्यूचा डास तिथेच वाढतो.

१९८१ साली अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराच्या पाणीखात्याने 'झेरिस्केप' हा शब्द काढला : थोड्या पाण्याची बाग. कल्पना चांगली, पण तिची नक्कल म्हणून आपल्याकडे अंगणभर पांढरे गोटे आणि निवडुंग पसरतात. गोटे रात्री नऊपर्यंत आग ओकतात. निवडुंग पावसाळ्यात कुजतो, कारण आपला साडेसातशे-आठशे मिलीमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो. त्या पावसाचं काय करायचं ते बघा : हजार चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षाला ७० हजार लिटर पडतो. गोट्यांऐवजी झाडांभोवती तीन इंच कुटार पसरा, खोडापासून वीतभर लांब, नाहीतर उधई लागते.

फुलांत मी पारिजातक, तगर आणि सदाफुली ठेवली आहे. शिवाय चिनी गुलाब, ज्याला आपण 'ऑफिस टाइम' म्हणतो. सकाळी दहाच्या सुमारास उमलतो, दुपार सरता सरता मिटतो. आमच्या घरात आता कचेरीची वेळ पाळणारा तो एकटाच.

लावणी मृगाच्या दोन-तीन चांगल्या पावसांनंतरच करा. तोवर एक काम आहे. २५ मेच्या आसपास दुपारी बाराच्या थोडं पुढे अंगणात एक काठी सरळ उभी करा. तिची सावली बुंध्यातच विरते. मग चार वाजता आणि सहा वाजता सावल्या कुठे पडतात तिथे चुन्याने रेघा मारा. मांडवाचे खांब कुठे रोवायचे ते मिस्त्रीला त्या रेघांवरून दाखवता येतं.

(पुढील आठवड्यात : गच्ची आणि तिथे जाणारा जिना)