तंजावरचा शिलालेख आणि कॅमेऱ्याचा 'आयएसओ'

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात मराठी माणसाची पावले एका भिंतीपाशी हमखास थबकतात. सरफोजीराजे दुसरे यांच्या आज्ञेने १८०३ साली तेथे भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरण्यात आला. हा प्रदीर्घ लेख छायाचित्रांतून घरी न्यावा, असे अनेकांना वाटते. परंतु सावलीत वा सांजवेळी टिपलेले चित्र संगणकावर मोठे करताच दगडावर रंगीत ठिपक्यांचा रवाळ थर दिसू लागतो. अनुस्वार आणि वेलांट्या त्यात हरवतात. या दोषाला 'नॉइज' म्हणतात.

दोष कशामुळे?

'आयएसओ'चा आकडा वाढविला की नॉइज वाढतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. फिल्मच्या काळात हा आकडा फिल्मची प्रकाशसंवेदनक्षमता दाखवीत असे. डिजिटल कॅमेऱ्यात मात्र आकडा बदलल्याने संवेदक अधिक प्रकाश गोळा करीत नाही. मिळालेला संकेत केवळ वर्धित होतो. रेडिओवरील क्षीण केंद्राचा आवाज मोठा केला की खरखरही मोठी होते, तसाच हा प्रकार आहे.

मूळ कारण अपुरा प्रकाश हे होय. प्रकाश कणाकणांनी येतो आणि त्याच्या आगमनात स्वाभाविक अनियमितता असते. तिचे प्रमाण कणसंख्येच्या वर्गमुळाइतके असते. संवेदकाच्या एका बिंदूवर १०,००० कण पडले, तर चढउतार सुमारे १००, म्हणजे १ टक्का. आयएसओ १०० ऐवजी १६०० ठेवून प्रकाश सोळाव्या हिश्शावर आणला, तर कण ६२५ आणि चढउतार २५, म्हणजे ४ टक्के. हाच फरक डोळ्यांना रवाळ दिसतो.

उपाय कोणता?

शिलालेख स्थिर असतो, ही मोठीच सोय आहे. आयएसओ १६०० वर १/६० सेकंद पुरत असेल, तर आयएसओ १०० वर सुमारे १/४ सेकंद लागेल. एवढा वेळ कॅमेरा हातात स्थिर राहणे कठीण. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडसाठी पूर्वपरवानगी घ्यावी लागते. ती नसल्यास कॅमेरा पिशवीवर टेकवून 'टायमर' वापरावा. समोरून फ्लॅश टाकू नये, कारण कोरीव अक्षर वाचता येते ते त्याच्या खाचेतील सावलीमुळे. तिरपे ऊन असलेली वेळ साधणे सर्वांत उत्तम. नॉइज काढणाऱ्या संगणकीय सुविधाही बेतानेच वापराव्यात. ठिपक्यांबरोबर त्या एखादा अनुस्वारही पुसून टाकतात.

मात्र नृत्य वा मिरवणूक टिपताना आयएसओ निःसंकोच वाढवावा. रवाळ चित्र पाहता येते. हललेले चित्र दुरुस्त होणे कठीण. आयएसओ कमी ठेवून काळोखे चित्र घ्यावे आणि मागाहून उजळावे, हा मार्गही लाभाचा नाही. न मिळालेला प्रकाश नंतर निर्माण करता येत नाही.

घरातील जुनी दस्तऐवजे, वंशावळी आणि पत्रे यांची छायाचित्रे घेतानाही हाच नियम लागू पडतो. कागद खिडकीजवळ न्यावा, कॅमेरा स्थिर ठेवावा, आयएसओ कमीत कमी ठेवावा. पुढच्या पिढीच्या हाती कदाचित हे चित्रच उरेल. त्यातील प्रत्येक अक्षर वाचता आले पाहिजे.